त्या सिनेमातला बॉस मीच निघाले!

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहेत, वय 41. दोन वर्षांपूर्वी बढती मिळाली, आता हाताखाली नऊ जण आहेत. त्याआधीची चौदा वर्षं त्यांनी खालच्या खुर्चीत काढली. ऑफिसातल्या वैतागावरचे विनोदी सिनेमे हे त्यांचं जुनं वेड. त्यातला 1999 चा 'ऑफिस स्पेस' सर्वांत लाडका. नव्या टीमशी सूर जुळावा म्हणून तो त्यांनीच सगळ्यांना बघायला सांगितला होता. मागच्या महिन्यात एका मीटिंगमध्ये एक सहकारी स्क्रीन शेअर करत असताना कोपऱ्यात मेसेज उमटला. त्या सिनेमातला बॉस बिल लंबर्ग, हातात कॉफीचा मग, धडावर पत्रलेखिकेचा चेहरा आणि खाली त्यांचंच नेहमीचं वाक्य: 'एक छोटंसंच काम होतं.' दोन सेकंदांत स्टिकर गेला. कोणी काही बोललं नाही. आपल्याला वगळून टीमचा एक ग्रुप आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. स्क्रीन शेअर करणारा मुलगा तेव्हापासून नजर चुकवतो. नवरा म्हणतो, हसून सोडून दे. एचआरमधली मैत्रीण म्हणते, तक्रार नोंदव, आज स्टिकर आहे, उद्या आणखी काही असेल. पत्रलेखिकेला स्वतःला मात्र पुन्हा साधी डेव्हलपर व्हावंसं वाटतंय. त्या विचारतात: 'मी पाहिलंय हे सांगू का? कोणी केलं ते शोधू का? आणि माझी टीम माझा इतका तिरस्कार करत असेल, तर मी या खुर्चीत बसावंच का?'

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा हसले, हे आधीच कबूल करून टाकते. एकदा अर्थातच तो सिनेमा तुम्हीच त्यांच्या हाती दिलात या तपशिलावर. आणि दुसऱ्यांदा 'छोटंसंच' मधल्या त्या 'च' वर. ज्यानं कोणी तो 'च' आठवणीनं लिहिला, त्याचे कान फार तयार आहेत हो! पण मग तुमची शेवटची ओळ आली, 'माझी टीम माझा इतका तिरस्कार करते', आणि तिथे मी अडखळले. पत्रात जे घडलं म्हणून लिहिलंय, त्यातून हे वाक्य कुठेच निघत नाही. ते तुम्ही रात्री झोप लागत नसताना जोडलेलं दिसतंय.

राग असलेल्या माणसाचेही लोक स्टिकर करतात, नाही असं नाही. पण रागाचा विनोद ढोबळ असतो. त्याला कुठलंही वाईट चित्र चालतं. तुमचा स्टिकर नेमका आहे. जरा विचार करा, त्या सिनेमात निवडायला काय काय होतं. तिघं मित्र ऑफिसातला तो नतद्रष्ट प्रिंटर उचलून माळावर नेतात आणि बॅटनं, लाथांनी, शेवटी हातांनी त्याचा चक्काचूर करतात, ते होतं. शेवटी अख्खी इमारत जळते, ते होतं. यातलं काहीही न घेता तुमच्या लोकांनी कॉफीचा मग उचलला आणि तुमचं एक वाक्य उचललं. तुम्हाला अप्रेझलच्या फॉर्मवर जे कोणी कधीच लिहून दिलं नसतं, ते त्यांनी चार शब्दांत लिहिलंय. फक्त ते तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

लंबर्ग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. गॅरी कोल या नटानं तो असा केलाय की माणूस एकदाही आवाज चढवत नाही. क्युबिकलच्या भिंतीवर हात टेकून उभा राहतो, हातातला कॉफीचा मग हलवतो, 'काय चाललंय' विचारतो आणि त्याच सुरात सिनेमाच्या नायकाला, पीटरला, शनिवारी यायला सांगतो. जाता जाता आठवल्यासारखं रविवारीही. सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, सुट्टी गेली याचा पीटरला संताप येतो. आता वाटतं, सुट्टीपेक्षा तो सूर जास्त छळतो. आपल्याकडे यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: ताकाला जाऊन भांडं लपवणं. हुकूम द्यायचा, पण त्याला विनंतीचा अंगरखा घालायचा. हुकूम उघड असता तर निदान तक्रार करता आली असती, विनंती खरी असती तर नकार देता आला असता. इथे दोन्ही वाटा बंद.

माझ्या एका जुन्या ऑफिसात एक साहेब होते. अत्यंत सज्जन. शुक्रवारी पाचच्या सुमारास टेबलाशी येऊन विचारायचे, 'मग, उद्या विशेष काही?' एवढंच. 'काही नाही' म्हटलं की शनिवार गेला, आणि 'आहे' म्हटलं की 'अरे वा, काय?' असा पुढचा प्रश्न. आम्ही पाच जणांनी वर्षभर आळीपाळीनं नातेवाइकांची लग्नं लावली. साहेबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपली माणसं फार कुटुंबवत्सल आहेत. ते वाईट नव्हते हो. त्यांना हुकूम सोडायची लाज वाटायची, आणि त्या लाजेचं ओझं आम्ही वाहत होतो.

तुमच्या 'छोटंसंच' मध्ये मला तीच लाज ऐकू येते. चौदा वर्षं ज्या बाजूला बसून बॉसवर हसलात, त्या बाजूचं आपण आता उरलो नाही हे तुम्हाला मान्य होत नाही. म्हणून काम सांगताना तुम्ही स्वतःला लहान करता, कामाला लहान करता. काम मात्र लहान होत नाही. रात्री नऊपर्यंत ते करत बसलेल्या माणसाला ते 'छोटंसंच' होतं हेही वर ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे उशीर झाला तर चूक त्याचीच!

तेव्हा पहिली गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: काम सांगायची पद्धत बदला. 'हे काम आलंय, बुधवारपर्यंत हवंय, साधारण दीड दिवस लागेल असा माझा अंदाज आहे. त्यासाठी आत्ताचं काय बाजूला ठेवायचं ते आपण ठरवू.' बस. यात ना 'जमलं तर', ना 'जरा', ना 'बघा ना'. मराठीत 'जरा' हा शब्द आपण किती वापरतो आणि त्याच्या पोटात किती तास दडवतो, एक दिवस मोजून पाहा. आणि नकार चालणार असेल तेव्हाच प्रश्न विचारा. नकार चालणार नसेल तर प्रश्नचिन्ह लावू नका. सुरुवातीला तुम्हालाच तुमचं बोलणं तुसडं वाटेल. समोरच्याला ते मोकळं वाटेल.

आता तुमचे तीन प्रश्न.

पाहिलंय हे सांगायचं का? हो, पण मीटिंगमध्ये नाही आणि हसत हसतही नाही. फक्त त्या मुलाला. तो महिनाभर नजर चुकवतोय म्हणजे रोज सकाळी आज काय होणार या विचारानं येतोय. स्टिकर त्यानं बनवला असेलच असं नाही, तो फक्त त्याच्या स्क्रीनवर उमटला. तुमची अळीमिळी गुपचिळी तुम्हाला संयम वाटत असेल. त्याच्या बाजूनं ती टांगती तलवार आहे. दोन मिनिटं बाजूला घ्या आणि सांगा, 'त्या दिवशी आलेलं मी पाहिलं. त्यावरून काहीही होणार नाही. कोणी केलं हे मी विचारणार नाही, तूही सांगू नकोस. वाक्य माझंच आहे आणि ते मी सोडतेय.' मग लगेच कामाचं काहीतरी बोला. तो हे ग्रुपवर सांगेलच, आणि सांगू द्या.

सारवासारव करण्याच्या नादात 'मला विनोद चालतो बरं का, बिनधास्त करा!' अशी घोषणा मात्र करू नका. 'गोलमाल' मधले भवानीशंकर आठवतात ना, 1979 चे, उत्पल दत्तांचे? ज्याला मिशी नाही त्याला चारित्र्य नाही, असं त्यांचं ठाम मत. परिणाम काय, तर नोकरीवरचा पोरगा हॉकीच्या मॅचला दिसला म्हणून त्याला बिनमिशीचा जुळा भाऊ पैदा करावा लागतो. साहेबाला काय आवडतं हे एकदा जाहीर झालं की समोर येते ती नकली मिशी. तुम्हाला विनोद आवडतो असं जाहीर केलंत तर दर सोमवारी तुम्हाला विनोद ऐकावे लागतील. बेतलेले.

सगळ्यांनी मिळून तो सिनेमा पुन्हा पाहू, हाही विचार तुमच्या मनात आला असणार. तुमचं वेड पाहता नक्कीच आला असणार. नको. इटलीत फँतोझ्झी नावाच्या दीनवाण्या कारकुनावर 1975 पासून सिनेमे निघाले. पाओलो व्हिलाज्जो हा नट ते काम करायचा. तो स्वतः एका कंपनीत नोकरी केलेला माणूस. ते पात्र इतकं घरोघर पोचलं की 'फँतोझ्झियानो' हे विशेषणच इटालियन भाषेत आलं. दुसऱ्या सिनेमात एक वरिष्ठ आपल्या कर्मचाऱ्यांना अभिजात मूकपट सक्तीनं दाखवत असतो, आणि ऐन फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी त्यांना पडद्यासमोर बसवतो. शेवटी फँतोझ्झी उभा राहून त्या थोर कलाकृतीबद्दल जे मत मांडतो, ते या सदरात छापता येणार नाही. त्याच्या मताला पडलेल्या टाळ्या मात्र 92 मिनिटं चालतात. सक्तीच्या मौजेचं असं असतं.

दुसरा प्रश्न, कोणी केलं ते शोधावं का. तुमच्या मैत्रिणीची भीती अशी की आजचा स्टिकर म्हणजे उद्याचं बंड. मला उलट 'नाइन टू फाइव्ह' आठवतो, 1980 चा. लिहिण्याआधी ऑफिसात काम करणाऱ्या खऱ्या बायकांशी बोलणं झालं होतं, आणि साहेबाला ठार मारायची स्वप्नं कशी पडतात हे त्यांनी मनमोकळं सांगितलं. पडद्यावर तिघी जणी ती स्वप्नं रंगवतात, आणि पुढे खरोखरच साहेबाला त्याच्याच घरी डांबून ठेवण्याची वेळ येते. आता ऑफिस त्यांच्या हातात आलं. मग त्या काय करतात? कामाच्या वेळा लवचिक करतात, पाळणाघर सुरू करतात, दोघींनी मिळून एक नोकरी वाटून घ्यायची सोय करतात. खुनाच्या स्वप्नाखाली पाळणाघराची मागणी होती! सिनेमाच्या या नावामागे बॉस्टनमधल्या ऑफिस कर्मचारी बायकांची 1973 मध्ये सुरू झालेली एक खरी संघटना होती, आणि तिच्या मागण्याही अशाच साध्या होत्या. तेव्हा चौकशी लावलीत तर हात दाखवून अवलक्षण होईल: एक माणूस दोषी ठरेल, आठ जण नवा ग्रुप काढतील, आणि स्टिकरखाली काय दडलंय ते कायमचं दडून राहील.

एक अपवाद मात्र आहे, आणि तिथे मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूची आहे. चेष्टा तुमच्या कामाच्या सवयीवर असेल तर ती सहन करणं हा खुर्चीचा भाग आहे. ती तुमचं शरीर, बाईपण, जात, रंग, बोलण्याची ढब किंवा घरचं आयुष्य यांवर असेल, तर त्याला ऑफिसवरचं व्यंग म्हणत नाहीत. तिथे स्क्रीनशॉट घ्या आणि रीतसर तक्रार करा. तुमच्या स्टिकरमध्ये तसं मला काही दिसत नाही. तरी एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवा: तुमच्या आधीचा टीम लीड हेच वाक्य म्हणायचा का, आणि त्याचा स्टिकर झाला होता का? पुरुषाचं गोड बोलणं 'साहेब किती मऊ' ठरतं आणि बाईचं 'नाटकी' ठरतं, असं होतं. उत्तर काहीही आलं तरी वाक्य सोडायचंच आहे, पण उत्तर माहीत असलेलं बरं.

(हे वाचणाऱ्या बाकीच्या टीम लीड मंडळींनो, तुमचाही ग्रुप आहे. तुम्हाला अजून पॉप-अप दिसलेला नाही, एवढंच.)

आता खुर्ची सोडण्याचं. 'ऑफिस स्पेस' चा दिग्दर्शक माइक जज स्वतः इंजिनिअरची नोकरी काही महिन्यांतच सोडून निघाला होता, आणि त्याचा पीटर शेवटी बांधकामावर मजुरी करत मोकळा श्वास घेतो. हे सिनेमे निघून जाण्याला फार गोड रंग लावतात, कारण सिनेमाला दीड तासात संपायचं असतं. मला या बाबतीत बिली वाइल्डरचा 1960 चा 'द अपार्टमेंट' जास्त प्रामाणिक वाटतो. विमा कंपनीतला बॅक्स्टर. ऑफिसात टेबलांच्या न संपणाऱ्या रांगा. त्या लांब दिसाव्यात म्हणून सेटवर मागची टेबलं मुद्दाम लहान केली होती. वरिष्ठांच्या भानगडींसाठी तो आपल्या फ्लॅटची चावी देत देत वर चढतो. शेवटी बडा साहेब पुन्हा चावी मागतो, तेव्हा तो समोर ठेवतो ती फ्लॅटची नाही, मोठ्या साहेबांच्या खास स्वच्छतागृहाची. आणि निघून जातो. आपण कुठली चावी परत करतोय हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे का? एका कागदावर लिहा: या दोन वर्षांत खुर्चीमुळे जी कामं आली, त्यांपैकी कुठली करताना वेळेचं भान राहत नाही आणि कुठली टाळावीशी वाटतात. कोणाला शिकवणं, कोणाची बाजू वर मांडणं, डिझाइनवर वाद घालणं यातलं काहीच पहिल्या यादीत नसेल, तर जरूर डेव्हलपर व्हा. ती पायउतार नव्हे. पण ते एका स्टिकरवरून ठरवू नका, निदान तीन महिने थांबा.

त्या तीन महिन्यांत आणखी एक काम करा. पीटरला आठ बॉस असतात. 'टीपीएस' नावाच्या ऑफिसातल्या एका रिपोर्टला नवीन कव्हर शीट लावली नाही, एवढ्यासाठी ते एकेक करून येतात आणि तेच तेच सांगून जातात. ती शीट का लागते हे त्यांतला एकही सांगत नाही, कारण बहुधा त्यांनाही ती वरूनच आलेली असते. तुमच्याकडूनही असे कागद खाली जात असतील: स्टेटसची शीट, तीच माहिती वेगळ्या फॉरमॅटमध्ये, मीटिंगआधीची मीटिंग. त्यांपैकी कुठला कोण वाचतं ते वर जाऊन विचारा. ज्याला वाचक नाही तो बंद करा. बंद केला म्हणून मेल पाठवू नका, नुसता बंद करा. टीमला दोन दिवसांत कळतं.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर तुमचं पत्र निवडलं ते. तुम्ही महिनाभर स्टिकर करणाऱ्याचा विचार करताय. त्याची मला काळजी नाही. त्याला बोलायला ग्रुप आहे, हसायला माणसं आहेत. मला काळजी आहे ती मिल्टनची. आठवतो ना, स्टीफन रूटनं केलेला, जाड चष्म्याचा, तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा? या सिनेमाचं मूळच तो आहे. जजनं आधी त्याच्यावर छोटी कार्टून्स काढली होती. थिएटरात सिनेमा जेमतेम चालला, व्हिडिओ आणि टीव्हीवरून मात्र घरोघर गेला. मिल्टनचा लाल स्टेपलर सिनेमासाठी रंगवून घेतला होता, कारण स्विंगलाइन कंपनी तेव्हा तसा विकतच नव्हती. लोकांनी इतकी मागणी केली की 2002 मध्ये तिनं तो बाजारात आणला. जगभर लोकांनी टेबलावर आठवण म्हणून ठेवली ती बंडखोर पीटरची नाही, मिल्टनची.

का, ते त्याच्या गोष्टीत आहे. त्याला केव्हाच कामावरून काढलेलं असतं, पण कोणी त्याला सांगितलेलं नसतं, आणि पगार चुकून चालू राहिलेला असतो. हे लक्षात आल्यावरही त्याला कोणी सांगत नाही, नुसता पगार बंद करतात. टेबल हलवत हलवत तळघरात नेतात. वाढदिवसाचा केक फिरत फिरत त्याच्यापर्यंत येतो तेव्हा संपलेला असतो. त्याच्यावर कोणी स्टिकर करत नाही. त्याच्या तक्रारीला श्रोता नाही. इमारत जाळतो तो तोच.

तुमच्या टीममध्ये नऊ जण आहेत. त्या ग्रुपमध्ये किती आहेत? आठ असतील, तर नववा कोण, हे शोधण्यासारखं आहे. मीटिंगमध्ये ज्याच्या वाक्यावर दुसरा कोणी बोलायला लागतो तो. ज्याला गेल्या सहा महिन्यांत तीनदा प्रोजेक्ट बदलून दिला आणि 'तू ॲडजस्ट करशील ना' म्हटलंत तो. जो तुमच्या 'छोटंसंच काम' ला सर्वांत पटकन 'हो' म्हणतो, तोही बहुधा तोच.

या रविवारी सिनेमा पुन्हा लावा, एकट्यानं. लंबर्गकडे बघू नका, त्याला तुम्ही आता पुरेसं ओळखता. फक्त मिल्टनचं टेबल किती वेळा सरकतं ते मोजा. आणि सोमवारी गेल्यावर त्या नवव्याला भेटा. काम सांगू नका.